उंबराखालची फोडशी

आज सकाळी सोसायटीच्या फाटकाशी बसणाऱ्या भाजीवालीच्या टोपलीत फोडशीच्या जुड्या दिसल्या. ओलसर गोणपाटाखाली झाकलेल्या, मुळाकडे पांढऱ्या, टोकाकडे कोवळ्या हिरव्या. मी नुसती थबकले तर बाई म्हणाली, "घ्या आजी, पानशेतकडची हाय, कालच खुडल्याली. मार्केट यार्ड पालथं घातलं तरी घावायची न्हाई." मी एक जुडी घेतली आणि घरी येऊन ओट्यावर ठेवली. आता दुपार झाली आहे. जुडी अजून तशीच आहे, बांधलेली. मी ती सोडलेली नाही, आणि स्वयंपाकही केलेला नाही.

ओजस, रेवा, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो हे मला माहीत आहे. लागू दे. बाबाकडून वाचून घेऊ नका. त्याला वाचताना त्रास होईल.

फोडशी म्हणजे काय, हे ओजसला थोडं आठवत असेल. दुरून पाहिलं तर गवत. जवळून पाहिलं तरी गवतच. झाडांच्या सावलीत, पालापाचोळ्यात ती उगवते. पावसाळ्याच्या तोंडाशी चार-सहा लांब पानं जमिनीतून वर येतात, आणि ती कोवळी असताना लोक खुडून भाजी करतात. कोणी खुडली नाही तर पानांच्या मधून एक बारीक दांडा निघतो, त्याला तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या लागतात, आणि एक दिवस चांदणीसारखं पांढरं फूल उमलतं. सहा पाकळ्या, मध्ये पिवळे तुरे. दिवाळीपर्यंत सगळं झाड वाळून दिसेनासं होतं. जमिनीखाली मुळं तेवढी राहतात.

तुमच्या आईला ते फूल माझ्या दारात हवं होतं.

तुमच्या शाळेला शरदातली सुट्टी होती तेव्हाची गोष्ट. तुम्ही चौघं आला होतात आणि आपण वेल्ह्याच्या आजीकडे गेलो होतो. खडकवासल्याचं धरण भरलेलं होतं, आणि रेवा गाडीत माझ्या मांडीवर झोपली होती. वेल्ह्याच्या आजी म्हणजे बाबाच्या आई, माझ्या विहीण, सुभद्राताई. त्यांच्या घरामागे देवराई आहे. दगडांच्या ओळीच्या आत दुपारीसुद्धा सांजावल्यासारखं वाटतं. तुमची आई, माझी मेधा, तिथे वाकून काहीतरी शोधत होती. सुभद्राताई बाहेरून ओरडल्या, "मेधा, दगडाच्या आतली काडी बी न्यायची न्हाई हां! देवाचं हाय त्ये!" मेधा हसत बाहेर आली आणि दगडांच्या अलीकडे, एका हिरड्याच्या सावलीत, तिला हवं ते सापडलं. वाळलेला दांडा, त्यावर तिकोनी बोंडं, बोंडांत काळं चपटं बी. ओजस, बी तू गोळा केलंस. आईने वहीचा कागद फाडून वाण्यासारखी पुडी बांधली आणि तुझ्या खिशात ठेवली.

पुण्याला आल्यावर तिने जागा हेरली. आमच्या तळमजल्याच्या घरामागे उंबर आहे, हे तुम्हाला माहीत आहे. त्या अंगणात ऊन म्हणून येत नाही. तुळस तिथे जगत नाही, गुलाब तर नाहीच. शिवाय उंबरं पडून चिकट सडा होतो, आणि मी तो रोज सकाळी झाडून काढते. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईला पसारा दिसला की हात शिवशिवतात. मेधाने पसरट कुंडी घेतली, तळाशी खापऱ्या, वर त्याच उंबराचा कुजलेला पाला आणि माती, आणि बी पेरून बोटाने नुसतं दाबलं.

"आता इथे झाडायचं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे एवढा कोपरा सोडून दे. पाला पडू दे. जंगलात कोण झाडतं?"

"जंगलात पाहुणे येत नाहीत."

"तुझ्याकडे तरी कोण येतंय, आई?"

तिचं बोलणं असं होतं. माझ्यावरच गेली होती. मी कोपरा सोडला.

बी उगवलं नाही. मेधा तुम्हाला घेऊन परदेशी परत गेली आणि दर रविवारी फोनवर विचारायची, "काही वर आलं का?" मी म्हणायची, "माती आहे. चांगली आहे. तुला हवी तर पाठवते." ती म्हणायची, "फेकू नकोस. काही बिया पुढच्या पावसापर्यंत झोपतात."

त्यानंतरच्या फेब्रुवारीबद्दल मी लिहिणार नाही. तुम्ही तिथे होतात, मी नव्हते. मेधाचा शेवटचा निरोप मी पडद्यावर पाहिला. एका मोठ्या पांढऱ्या खोलीत पुढच्या बाकावर तुमच्या दोघांच्या टोप्या दिसत होत्या, आणि माझ्याकडे बाहेर भर दुपार होती. संपल्यावर पडदा काळा झाला आणि त्यात माझा चेहरा दिसला. मी उठून भांडी घासली. मी रडले नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. लोक येत होते, बसत होते, माझ्याकडे पाहत होते, आणि मी त्यांना चहा करून देत होते. आजोबा गेले तेव्हाही मी असंच केलं होतं, पण तेव्हा मेधा स्वयंपाकघरात येऊन माझ्या हातातून गाळणं काढून घेत असे.

आणि जूनमध्ये ते बी उगवलं.

सुईएवढे हिरवे कोंब होते. मला आधी वाटलं गवत आहे, आणि माझा हात सवयीने पुढे गेला. मग एका कोंबाच्या टोकाला काळ्या बीचं टरफल अडकलेलं दिसलं, आणि मी हात मागे घेतला. तिथेच पायरीवर बसून राहिले. ते चार महिने आधी का आलं नाही, असं मी त्याला विचारत होते. झाडाला. ज्या बाईने आयुष्यभर लोकांना 'शांतता राखा'ची पाटी दाखवली, ती कुंडीशी बोलत होती.

तो पावसाळा नुसत्या कोंबांचा गेला. दिवाळीत कुंडी रिकामी झाली. पुढच्या जूनला पुन्हा पानं आली, थोडी रुंद. पुन्हा गेली. उन्हाळ्यात त्या कुंडीकडे पाहिलं तर कोणालाही वाटावं की ही बाई सुक्या मातीला जपते आहे. मी कुंडीला एक पाटी लावली. पुण्यात पाटी लावल्याशिवाय कुठली गोष्ट टिकत नाही. फाटकावर माझी पाटी आहे, 'बेल एकदाच वाजवा, आम्ही बहिरे नाही'. पण या कुंडीवर मात्र मी जाडसर पुठ्ठ्यावर, सुंदर अक्षरात, झाडाचं शास्त्रीय नाव लिहिलं. रोमन लिपीत. ग्रंथालयातली सवय; आणि मनात असंही होतं की मेधाला हे आवडलं असतं.

दर रविवारी आता तुम्ही विचारायचात. ओजस, तू म्हणायचास, "आईचं फूल आलं?" आईचं फूल हे नाव तू ठेवलंस. मी म्हणायची, "तिसऱ्या पावसाळ्यात येतं म्हणतात." मला तेवढंच एक काम उरलं होतं, असं मी मानून चालले होते. मेधाने एक गोष्ट अर्धी ठेवली आहे, ती पुरी होताना मी पाहायची. ते फूल पाहिलं की माझ्यात काहीतरी सुटेल, अशी माझी समजूत होती.

मग गेल्या वर्षीचा ज्येष्ठ आला. आज ती जुडी पाहिल्यापासून मी त्याच दिवसांत फिरते आहे. आकाश भरलेलं, हवा ओल्या पोत्यासारखी, अंगणात उंबरांचा आंबूस वास. पानं तरतरून वर आली होती, हातभर लांब. आणि त्याच आठवड्यात सुभद्राताई मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे राहायला आल्या. बाबाने तिकडून सगळं ठरवलं होतं.

आम्ही दोघी तशा कधी एकत्र राहिलो नव्हतो. लग्नात भेटलो, तुमच्या बारशांना भेटलो. त्या मला 'विहीणबाई' म्हणतात, मी त्यांना 'सुभद्राताई'. त्या पहाटे उठून माझं झाडलेलं अंगण पुन्हा झाडायच्या. मी त्यांनी घासलेलं पातेलं पुन्हा घासायची. दोघींना ते कळत होतं, आणि कोणी बोलत नव्हतं. मेधाचं नावही आम्ही घेत नव्हतो. त्यांच्या डोळ्यांवर साय आल्यासारखं झालं होतं. मी समजून त्या खिडकीशी बोलायच्या.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरांनी सांगितलं, खाली वाकायचं नाही, डोकं भिजवायचं नाही, चुलीपुढे बसायचं नाही, डोळा चोळायचा नाही, रडायचं नाही. सुभद्राताई गाडीतून उतरल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आवं विहीणबाई, तुमी तर म्हाताऱ्या झालाय की!"

"तुमच्याकडे आरसा आहे का घरी?" मी विचारलं. त्या खळखळून हसल्या. फार दिवसांनी माझ्या घरात कोणी हसलं होतं.

त्याच संध्याकाळी मला कुंडीत तो दांडा दिसला. पानांच्या मधून निघालेला बारीक, सरळ. टोकाला कळ्या. मी तुम्हाला फोन केला. ओजस, तुझा आवाज फुटायला लागला होता तेव्हा, आणि तू म्हणालास, "मला व्हिडिओवर दाखव, उमलताना." मी म्हटलं, "दोन दिवस थांब."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोळ्यांत घालायचे थेंब आणायला गेले. दुकान उघडायचं होतं, थोडी थांबले. परत आले तर घरभर लसणाच्या फोडणीचा वास. मला तो वास बरा वाटला. एकटं राहणारं माणूस लसूण घालून फोडणी करत नाही.

"गॅसपुढे गेलात?" मी म्हटलं. "डॉक्टर काय म्हणाले होते?"

"चुलीपुढं नगं म्हनले. ह्यो गॅस हाय. बसा. आज तुमी काय इचारायचं न्हाई."

ताट वाढलं. गरम भाकरी, वर हिरवी भाजी, हरभऱ्याची डाळ घातलेली. मी घास घेतला. त्या समोर उभ्या राहून माझ्याकडे पाहत होत्या, नव्या डोळ्याने, लहान मुलीसारख्या.

"वळखा."

"चांगली झाली आहे. कसली?"

"फोडशीची! मेधाला लई आवडायची. नवी नवरी हुती तवा पैल्या पावसाळ्यात आली, तर भाजी संपवून कढई बी पुसून खाल्ली तिनं. सकाळी डोळा उघडला आन मागल्या दारी बगते तर काय, फोडशी! म्हनलं, पोरगी न्हाई, पर तिच्या आईला तरी घालावं."

मेधा माझ्या घरी पालेभाजी खात नसे. मेथी पाहिली की ताट सरकवायची. पहिल्यांदा माझ्या मनात आलं ते हेच, की ही माझी मुलगी नव्हे, ही दुसरीच कोणी. आणि मग बाकीचं माझ्या ध्यानात आलं.

मी मागच्या दारी गेले. कुंडीत पांढरे बुडखे होते, नीट, एका उंचीवर कापलेले. पुठ्ठ्याची पाटी जागेवर होती. मी स्वयंपाकघरात आले आणि ओल्या कचऱ्याची बादली जमिनीवर उलटी केली. कांद्याची सालं, लसणाची टरफलं, पानांचे जून भाग, आणि त्यांत तो दांडा. निबर म्हणून काढून टाकलेला. मी तो धुतला आणि पेल्यात पाणी घालून ठेवला. सुभद्राताई हातात उलथनं घेऊन बघत होत्या.

"विहीणबाई, काय झालं?"

"बाहेर पाटी होती."

"ती व्हय? इंग्रजीत काय बाय लिवल्यालं. म्या म्हनलं, खताचं नाव आसंल."

मला खूप काही बोलता आलं असतं. पुण्यात जन्म काढला आहे, शब्द मला कमी पडत नाहीत. पण तोंडातून एवढंच आलं, "मेधाने पेरलं होतं ते. तुमच्या हिरड्याखालचं बी. मी फुलाची वाट बघत होते."

त्या सावकाश खाली बसल्या, भिंतीला टेकून. उलथनं मांडीवर ठेवलं. ओठ हलायला लागले आणि मला तो डोळा दिसला, लाल, पाण्याने भरत आलेला.

"नाही, नाही," मी म्हटलं. "रडू नका. डोळ्याला चालणार नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी मान वर केली आणि छताकडे बघत राहिल्या, डोळ्यांतलं पाणी आत जावं म्हणून. गळ्याची शीर ताणलेली. "मग तुमी रडा," त्या म्हणाल्या. "माज्या वाटचं बी तुमीच रडा."

आणि मी रडले. ओल्या कचऱ्यात बसून. माझ्या आठवणीत मी असा आवाज कधी काढलेला नाही. सुभद्राताई छताकडे बघत, एका हाताने माझी पाठ थोपटत होत्या. जोरात, गुरांना थोपटतात तशी.

बऱ्याच वेळाने मी उठले आणि ताट उचललं. मला वाटलं, आता ते कसं खायचं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"टाकायची न्हाई. तिनं पेरल्याली हाय, म्हंजे तिच्याच हातची. बसा."

आम्ही दोघी जेवलो. कढईत भाकरीचा तुकडा फिरवून पुसून घेतली. मेधाने सासरी कढई कशी पुसली असेल ते मी त्या दिवशी पाहिलं.

संध्याकाळी तुम्हाला सांगितलं. ओजस, तू विचारलंस, "खाल्लं?" आणि तुझा पडदा बंद झाला. नंतर कितीतरी रविवार तू फोनवर आला नाहीस. त्याचं मला वाईट वाटलं नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. रेवा मात्र पडद्याच्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "आजी, चव कशी होती?"

 मला चव आठवतच नव्हती. माहीत नसताना खाल्लेला एक घास आणि माहीत झाल्यावर खाल्लेली सगळी भाजी, यांच्या मध्ये चव कुठेतरी राहून गेली.

पेल्यातला दांडा काही दिवस हिरवा राहिला. कळ्या वाढल्या नाहीत. मग त्या पिवळ्या पडल्या. मी पाणी बदलत राहिले, सवयीने. कुंडीत पुन्हा पानं आली, पण बारीक, दमलेली. त्या वर्षी दुसरा दांडा निघाला नाही. सुभद्राताई डोळा बरा करून गावी गेल्या, आणि तिथून रोज फोन करू लागल्या. "काय म्हंतंय?" असं विचारायच्या. कुंडीबद्दल. आजवर भाजी म्हणून पाहिलेल्या गोष्टीच्या फुलाची त्यांना आता माझ्याहून जास्त घाई झाली होती. आणि मी भाजीवाल्यांच्या टोपल्यांत फोडशी शोधत फिरायला लागले होते. दोघींनी एकमेकींची मेधा घेतली, असं मला कधीकधी वाटतं.

तुमच्याकडे, तिकडे उत्तरेत, या दिवसांत रात्र होतच नाही. बाबा सांगतो, तुम्ही जाड पडदे लावून झोपता. मला ते विचित्र वाटायचं, घरात मुद्दाम अंधार करणं. आता वाटत नाही. या अंगणात ऊन येत नाही म्हणून मी इतकी वर्षं कुरकुरले, आणि त्याच अंगणात मेधाला ती जागा दिसली. मी अजूनही सगळं अंगण झाडते. तो कोपरा झाडत नाही.

आता सांगते. आज सकाळी ते फूल उमललं.

मी तुम्हाला आधी कळवलं नव्हतं. पुन्हा 'दोन दिवस थांब' म्हणायचा धीर नव्हता. चहा घेऊन मागच्या दारी गेले आणि ते तिथे होतं. एकच, पांढरं, माझ्या अंगठ्याच्या नखापेक्षा थोडं मोठं. पाल्यात उभं. मी पायरीवर बसले आणि त्याच्याकडे पाहिलं. चहा निवला. एक मुंगी पाकळीवर चढली आणि उतरली. मी वाट पाहत होते. पहिल्या कोंबापासून जे होईल असं वाटत होतं, त्याची. काही झालं नाही. ते फूल होतं. सुंदर होतं. त्याचा फोटो तुम्हाला वेगळा पाठवते आहे. दुपारी पाकळ्या मिटायला लागल्या, आणि मला एवढंच कळलं की आता वाट पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. मेधाने अर्धं ठेवलेलं आज पुरं झालं. ते पुरं व्हायला नको होतं.

म्हणून हे लिहायला बसले. इथवर लिहून झालं आणि सुभद्राताईंचा फोन आला. रोजची वेळ.

"काय म्हंतंय?"

"उमललं. सकाळी."

"आगं बाई! कसं हाय?"

"पांढरं. सहा पाकळ्यांचं."

"त्ये मला ठावं हाय. जलम गेला रानात. कसं हाय?"

मी उठून मागच्या दाराशी गेले. मग म्हटलं, "ती नाही त्याच्यात, सुभद्राताई."

पलीकडे कोंबडी ओरडली, कोणीतरी बादली ठेवली. "न्हाईच की," त्या हळू म्हणाल्या. "ती कशाला आसंल." आणि मग, "जेवला का?"

"नाही. फोडशीची जुडी आणली आहे. तशीच पडली आहे."

"सोडा ती. निवडायला घ्या. फोन ठिवू नगा, हितंच ऱ्हावा."

मी फोन ओट्यावर उभा करून ठेवला आणि जुडीचा दोरा सोडला. एकेक पान उलगडून बुडखा कापायचा, जून भाग काढायचा. 

"ताई," मी म्हटलं, "मला जमणार नाही आज."

"जमतंय. गेल्या साली म्या सैपाक केला आन तुमी रडला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज तिथेच फाटला. "आता माजा डोळा बरा हाय. तुमी भाजी निवडा."

मी भाजी निवडत राहिले. फोन चालूच होता.